सॅकमध्ये मावणारा दणकट गेमिंग पीसी: मदरबोर्ड कुठला घ्यावा?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी,

नोकरी पुण्यात, घर कोल्हापुरात. दर शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी धरतो, रविवारी रात्री परत. घरचा मोठा टॉवर आता धाकट्या भावाकडे आहे. त्याला कॉलेजच्या डिझाइनच्या कामाला तो लागतो, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. मला स्वतःसाठी नवा पीसी जोडायचाय. पुण्यात खोली तिघांत मिळून एक, टेबल कसंबसं तीन फुटी. दोन्हीकडे मॉनिटर आहेत. पीसी एकच हवा आणि तो माझ्याबरोबर ये-जा करणारा हवा.

लॅपटॉप सुचवू नका ही विनंती. तीन वर्षं गेमिंग लॅपटॉप वापरला. एप्रिल-मेमध्ये तो तापून वेग सोडतो, आणि ग्राफिक्स कार्ड बदलायची सोय नाही.

मॉनिटर सोडून बजेट दीड लाखाच्या आसपास, थोडं पुढेमागे चालेल. खेळणार १४४०पी रिझोल्यूशनवर. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी आणि कार्ड आरटीएक्स ५०७० एवढं मनाशी पक्कं आहे. अडलोय ते बोर्डावर. राजारामपुरीत दोन दुकानांत कोटेशन घेतलं. बी६५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहानातल्या मापाचा बोर्ड बावीस-तेवीस हजारांच्या घरात सांगतात, तोही मागवून द्यावा लागेल म्हणाले. त्याच चिपसेटचा, मापाने थोडा मोठा मायक्रो-एटीएक्स चौदा हजारांत समोर काउंटरवर होता. दुकानदार म्हणाले, "एवढ्याशा बोर्डाला जास्त पैसे कशाला घालताय? हा घ्या, रॅमचे चार स्लॉट मिळतात." बोलणं पटण्यासारखं आहे. म्हणूनच खरेदी थांबवून इथे विचारतोय.

पंचगंगाघाट

भावा, आधी एक सांग. खरंच दर आठवड्याला नेणार हायस का महिन्यातनं एकदा? माझा निम्मा सल्ला त्यावर हाय.

रंकाळावेस

दर आठवड्याला दादा. सणासुदीचा आठवडा सोडला तर चुकत नाही.

पंचगंगाघाट

मग मायक्रो-एटीएक्सचा विषय माझ्यापुरता संपला. पण बाकीची मंडळी काय म्हणत्यात बघ.

सोल्डरताई

मी आत्तापर्यंत चार आयटीएक्स पीसी जोडले, दोन स्वतःचे, एक बहिणीचा, एक ऑफिसातल्या मित्राचा. त्यामुळे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी क्रम बदला. तुम्ही प्रोसेसर, कार्ड, मग बोर्ड असं चाललाय. मोठ्या कॅबिनेटला ते चालतं, कारण तिथे काहीही कशातही बसतं. छोट्या पीसीत कॅबिनेट आणि कार्ड आधी ठरतात, त्यावरून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची ठरते, आणि कूलर कळल्याशिवाय बोर्ड निवडता येत नाही. आयटीएक्स बोर्ड म्हणजे १७० बाय १७० मिमीचा चौकोन. एवढ्या जागेत प्रोसेसरचं सॉकेट, रॅम, एम.२ (एसएसडीचा स्लॉट) आणि पॉवरचा सगळा भाग कोंबलेला असतो. कंपन्या मग वर चढत जातात. एम.२ वर हीटसिंक, त्यावर दुसरा एम.२, मागच्या पोर्टांवर उंच धातूचं झाकण. अशा बोर्डावर आडवा, बुटका कूलर बसवायला गेलात की त्याचा पंखा किंवा पाइप त्या झाकणाला अडतो. बहिणीच्या पीसीत माझं नेमकं हेच झालं. ४७ मिमी उंचीचा कूलर घेतला होता. उंची कॅबिनेटला बरोबर बसत होती, पण पाइप रॅमच्या बाजूला येईना आणि दुसरीकडे वळवावा तर हीटसिंकला टेकत होता. शेवटी कूलर बदलला.

म्हणून पहिला प्रश्न तुम्हाला: कॅबिनेट कुठलं? कूलर मास्टरचं एनआर२०० पी घेतलंत, साधारण १८ लिटरचं, तर त्यात १५५ मिमीपर्यंतचा उभा टॉवर कूलर बसतो. मग बोर्डावरच्या उंच झाकणांची फारशी चिंता उरत नाही, फक्त रॅमची उंची बघायची. फ्रॅक्टलचं टेरा घेतलंत तर ते १०.४ लिटरचं. तिथे कार्ड बोर्डाच्या पाठीमागे रायझर केबलवर (कार्ड आणि बोर्ड जोडणारी लवचिक केबल) जातं, कूलर बुटका लागतो आणि बोर्डाची निवड एकदम कठीण होते.

दुसरं, चार रॅम स्लॉटांचा मोह सोडा. डीडीआर५ मध्ये रॅमच्या चार कांड्या लावल्या की वेग पडतो. एएमडीनेच ७८००एक्स३डी साठी दोन कांड्यांना ५२०० आणि चार कांड्यांना ३६०० असा अधिकृत वेग दिलाय. १६-१६ च्या दोन घ्या, ६००० वेगाच्या, सीएल३० (कमी विलंबाच्या) मिळाल्या तर उत्तम, आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्स्पो (रॅमला तिचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू करा. गेमला ३२ जीबी पुरतात. पुढे लागली तर ३२-३२ च्या दोन घालता येतात. चार स्लॉट आहेत म्हणून बोर्ड घेणं म्हणजे कधीच न उघडणाऱ्या खोलीचं भाडं भरणं.

तिसरं, पॉवर फेज, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डावरचे भाग. जाहिरातीत सोळा फेज, अठरा फेज असं मोठ्या अक्षरांत असतं. ७८००एक्स३डी चा टीडीपी (कूलर निवडायला कंपनी देते तो उष्णतेचा आकडा) १२० वॅट आहे आणि गेम खेळताना तो त्याहून बराच कमी खेचतो. त्याला कुठलाही नीट बनवलेला बी६५० बोर्ड सांभाळतो. जास्त फेजचे पैसे १७० वॅटवाल्या रायझन ९ साठी, तुमच्यासाठी नाहीत.

गांधीनगरकर

ताईंचा अभ्यास दांडगा आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो, कारण माझे पैसे तिथे गेलेत.

बोर्डात आठ-नऊ हजारांचा फरक. आयटीएक्स कॅबिनेटला बहुतेकदा एसएफएक्स, म्हणजे छोट्या मापाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) लागतो, तो त्याच वॅटच्या साध्या एटीएक्सपेक्षा चार-पाच हजारांनी महाग. म्हणजे बारा-चौदा हजार निव्वळ लहान आकाराचे. एवढ्यात कार्ड एक पायरी वर जातं किंवा २ टीबीची एसएसडी येते. लियान लीचं ए३ नावाचं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट आहे, २६.३ लिटरचं. त्यात साधा एटीएक्स एसएमपीएस बसतो, १६५ मिमीचा कूलर बसतो. टेबलावर ते काही राक्षसासारखं दिसत नाही.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बोर्ड बिघडला तर काय? दोन वर्षांपूर्वी माझा आयटीएक्स बोर्ड गेला. वॉरंटी होती, बिल पक्कं होतं. तरी सर्व्हिस सेंटरकडून बदली बोर्ड यायला पाच आठवडे लागले, कारण तो मॉडेलच कुठे शिल्लक नव्हता. तोपर्यंत चालवायला दुसरा आयटीएक्स बोर्ड कोल्हापुरात मिळेना. मायक्रो-एटीएक्स असता तर त्याच संध्याकाळी कुठूनही उचलला असता. हे त्रास कागदावर दिसत नाहीत.

सोल्डरताई

गांधीनगरकर, बदली बोर्डाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच की रंकाळावेस यांची गरज टेबलावरची नाही, खांद्यावरची आहे. २६ लिटरचं ते कॅबिनेट ४४ सेंमी लांब आहे. ते सॅकमध्ये जाणार नाही.

नवा_भिडू

एक बाळबोध प्रश्न. इंटेलची १४ वी पिढी सध्या स्वस्तात मिळतेय, बोर्डही डीडीआर४ चा चालतो. मग ते का नको?

पंचगंगाघाट

प्रश्न बाळबोध न्हाई मर्दा, चांगला हाय. १३ व्या-१४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेज जादा जाऊन चिप हळूहळू खराब व्हायचा प्रकार निघाला. इंटेलनं २०२४ च्या ऑगस्टात मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचा) अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट मारून वापरणारे सुखानं वापरत्यात. पण त्यो एलजीए१७०० सॉकेट तिथंच संपला. पुढची पिढी आली ती एलजीए१८५१ वर. एएमडीच्या एएम५ सॉकेटचं तसं न्हाई. रायझनच्या ७०००, ९००० दोन्ही मालिका त्याच सॉकेटात बसत्यात, आणि २०२७ आणि त्याच्या पुढंबी ह्यो सॉकेट चालवणार असं एएमडीनं जाहीर केलंय. महागाचा आयटीएक्स बोर्ड घ्यायचा तर त्यात उद्याचा प्रोसेसर बसला पायजे. डीडीआर४ च्या बचतीत ते जातंय.

पत्राकाम_शिरोली

मी कॉम्प्युटरवाला नाही, शिरोली एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंगचं काम करतो. मुलाच्या हट्टापायी गेल्या वर्षी आयटीएक्स कॅबिनेट स्वतः बनवलं, म्हणून चार शब्द.

आयटीएक्स बोर्डाला चारच स्क्रू. भोकांमधलं अंतर एका बाजूला १५७.४८ मिमी आणि दुसऱ्या बाजूला १५४.९४ मिमी, म्हणजे चौकोन वाटतो पण चौकोन नाही. पहिल्या पत्र्याला मी दोन्हीकडे सारखं अंतर धरलं आणि तो पत्रा वाया गेला. मागच्या पोर्टांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिमी. ही मापं ठरलेली आहेत, बोर्ड कुठल्याही कंपनीचा असो. बदलतं ते बोर्डाच्या वर किती काय उभं आहे ते. म्हणून बोर्ड हातात आल्याशिवाय मी बाजूचा पत्रा कापला नाही.

मुलाचं कॅबिनेट दीड मिमीच्या पत्र्यात केलं, वर पावडर कोटिंग. दणकट झालं पण जड झालं. प्रवासाला न्यायचं असेल तर ॲल्युमिनियम २ मिमी घ्या. उद्यमनगरात कुणीही करून देईल, ड्रॉइंग मात्र बिनचूक हवं. पावडर कोटिंग करताना स्टँडऑफच्या (बोर्ड ज्या खुंट्यांवर बसतो त्यांच्या) जागा झाकायला सांगा. रंगाचा थर मध्ये आला तर बोर्डाला कॅबिनेटचं अर्थिंग नीट मिळत नाही.

रंकाळावेस

काका, मनापासून आभार. कॅबिनेट बनवून घ्यायची इच्छा खूप आहे, पण पहिल्यांदा विकतचं घेतो.

काल रात्री एक काम केलं. एनआर२०० पी चं माप बाहेर आलेल्या भागांसकट ३७६ बाय १८५ बाय २९२ मिमी आहे. त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका केला, आत आईकडून तांदूळ घेऊन नऊ किलो भरले आणि ट्रेकच्या सॅकमध्ये घालून रंकाळ्याला पूर्ण फेरी मारली. जमतंय. खांद्याला कळ लागते, पण एसटी स्टँडपर्यंतचं अंतर निभेल. ए३ च्या मापाचा खोकाही केला होता, त्याची चेन लागेना.

तर आयटीएक्स नक्की. आता सांगा, बोर्डावर नेमकं काय काय तपासून घेऊ?

सोल्डरताई

तांदळाची कल्पना मला खूप आवडली. पुढच्या वेळी मीही असंच करणार.

तपासायचं म्हणाल तर पहिली गोष्ट, बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. दुकानात बराच काळ पडून असलेला जुना बी६५० बोर्ड तुमच्याकडे आला आणि पुढे तुम्ही ९००० मालिकेचा प्रोसेसर घातलात, तर जुन्या बायोसवर डिस्प्लेच येणार नाही. ७८००एक्स३डी लाही नवा बायोस लावाच. २०२३ मध्ये सुरुवातीच्या बायोसवर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाचं व्होल्टेज) जास्त जाऊन काही एक्स३डी चिपा जळल्या होत्या. नंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टला बांधून टाकलंय.

मग एम.२ कुठे आहेत ते. आयटीएक्सवर बहुधा एक पुढे आणि एक पाठीवर असतो. पाठीवरच्याला हवा लागत नाही. विंडोज आणि गेम पुढच्या एसएसडीवर ठेवा, मागचा साठवणीला.

वायफाय जवळपास सगळ्या आयटीएक्स बोर्डांवर असतं, ही मायक्रो-एटीएक्सपेक्षा जमेची बाजू. तिथे स्वस्तातला मॉडेल बिनवायफायचा निघतो आणि नावात एका शब्दाचाच फरक असतो. आयटीएक्सवर मात्र जोडकार्डांचा स्लॉट एकच आणि तो ग्राफिक्स कार्डाने अडणार, म्हणजे जे बोर्डावर नाही ते नंतर घालता येत नाही. मागचे यूएसबी मोजा. कीबोर्ड, माउस, हेडफोन, कंट्रोलर, पेनड्राइव्ह असे तुमचे पाच लागतातच.

बी६५०ई वर आणि बी८५० च्या काही बोर्डांवर कार्डासाठी पीसीआयई ५ चा (नव्या पिढीच्या जोडणीचा) स्लॉट मिळतो म्हणून पाच हजार जास्त देऊ नका. ५०७० कार्ड पीसीआयई ५ चं असलं तरी ४ च्या स्लॉटात गेममध्ये जाणवेल असा फरक पडत नाही.

कळंबा_रोड

रायझरवरून आठवलं. धागाकर्ते एनआर२०० पी घेतायत, त्यात कार्ड थेट बोर्डात लागतं, तेव्हा त्यांना हा त्रास नाही. पण नंतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. मी जुन्या पीसीआयई ३ च्या रायझर केबलवर पीसीआयई ४ चं कार्ड लावलं. कधी डिस्प्ले येई, कधी नाही. आला तरी गेम दहा मिनिटांत बंद पडे. कार्ड बदलून पाहिलं, रॅम काढून-घालून पाहिली, एसएमपीएसवर संशय घेतला, चार रविवार त्यात गेले. शेवटी प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर डिस्प्ले घेऊन बायोसमध्ये स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन३ (पीसीआयई ३) केला आणि सगळं शांत झालं. ७००० मालिकेच्या बहुतेक प्रोसेसरांत, ७८००एक्स३डी मध्येही, आतलं ग्राफिक्स असतं. नावापुढे एफ असलेला घेतलात तर ते नसतं आणि अशा वेळी हातपाय बांधले जातात.

पंचगंगाघाट

भावा, बोर्डाइतकंच प्रवासाचं बघ. खंबाटकीला एसटी कशी आदळत जाते तुला ठावं हाय. कार्ड किलोभराच्या आसपासचं, आणि ते एका स्लॉटवर लटकलेलं. स्लॉटला स्टीलचं कवच असलेला बोर्ड घे, पण कवच हाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. प्रवासाला कार्ड काढायचं, त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपड्यांच्या मधी ठेवायचं. दोन स्क्रू आणि एक केबल, पाच मिनिटांचं काम. उभा कूलरबी हलका घे, किलोभराचा दोन पंख्यांवाला नको. आणि सॅक डिकीत टाकायची न्हाई, मांडीवर नाहीतर पायाशी.

अजून एक. पुण्यातल्या खोलीत तीन पिनीच्या सॉकेटाला अर्थिंग हाय का इलेक्ट्रिशियनकडनं बघून घे. भाड्याच्या खोल्यांत पिन तीन असत्यात आणि वायरी दोनच. धातूच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत्यात, त्या ह्याच कारणानं.

गांधीनगरकर

एसएमपीएस किती वॅटचा घेताय? ५०७० ला २५० वॅट, एनव्हिडिया ६५० चा एसएमपीएस सांगते. ७५० चा एसएफएक्स घ्या, पुढचं कार्डही त्यात निघेल. आणि बोर्ड मागवून घेताय तर दुकानातूनच घ्या, ऑनलाइन पाचशे वाचवायला जाऊ नका. माझ्या त्या पाच आठवड्यांत पाठपुरावा दुकानदारानेच केला. नाहीतर आठ आठवडे झाले असते.

रंकाळावेस

तीन आठवड्यांनी लिहितोय.

बोर्ड बी६५० चा आयटीएक्सच घेतला, राजारामपुरीतल्या त्याच दुकानातून. मुंबईहून यायला सहा दिवस लागले. काउंटरवरच त्यांच्यासमोर पेनड्राइव्हने बायोस बदलला. दुकानदार फ्लॅशबॅकचं बटण पहिल्यांदाच वापरताना बघत होते आणि त्यांनी ते मनापासून समजून घेतलं.

शनिवारी भावाबरोबर बसून जोडला. कॅबिनेटची बाजू उघडली तरी हात जात नाही, म्हणून आठ पिनांची प्रोसेसरची केबल बोर्ड बसवायच्या आधीच वरून ओढून ठेवावी लागली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे एकदा बोर्ड काढून परत बसवला.

चालू केल्यावर पंखे फिरले, डिस्प्ले काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. भाऊ म्हणाला बंद कर, काहीतरी जळेल. माझाही हात बटणावर गेला होता. मग बोर्डाच्या पुस्तिकेत पाहिलं. पहिल्यांदा रॅमचं ट्रेनिंग होतं (बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो), त्याला काही मिनिटं लागतात, मध्ये बंद करू नका असं लिहिलं होतं. हात मांडीवर ठेवून बसलो. चौथ्या मिनिटाला बायोसचा पडदा आला. आई स्वयंपाकघरातून विचारत आली की एवढा आरडाओरडा कसला.

दोन फेऱ्या झाल्यात. कार्ड काढूनच नेतो. पुण्याच्या खोलीत खरोखरच अर्थिंग नव्हतं. घरमालकांना सांगून इलेक्ट्रिशियनकडून तिसरी वायर ओढून घेतली.

सोल्डरताई

अभिनंदन! पाठीवरच्या एम.२ चं तापमान बघितलंत का?

रंकाळावेस

हो ताई. दोन तास खेळल्यावर पुढचा ५४, मागचा ६६. मागच्याखाली थर्मल पॅड लावून तो पत्र्याला टेकवला तर उतरेल का?

पत्राकाम_शिरोली

उतरेल. पण आधी एसएसडी आणि पत्रा यांच्यातली फट मोजा. पॅड त्यापेक्षा अर्धा मिमीच जाड घ्या, जास्त घेतलात तर बोर्ड वाकेल. मापाला फिलर गेज नसेल तर रविवारी शिरोलीला या, माझ्याकडे आहे.